सीव्ही०२६ बायोसेन्सर: जांभळ्यावर विश्वास ठेवा, पांढऱ्यावर नको

जीवाणू एकमेकांना संदेश देण्यासाठी सोडतात ती एएचएल रसायने तपासायची आहेत आणि मास स्पेक्ट्रोमीटर (रेणू ओळखणारे यंत्र) हाताशी नाही, तर क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियमचा सीव्ही०२६ हा म्युटंट (जनुकात बदल केलेला प्रकार) घ्यावा. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या स्ट्रेनमध्ये संदेश बनवणारे जनुक ट्रान्सपोझॉन (जागा बदलणारा डीएनएचा तुकडा) घुसवून बंद केले आहे, संदेश ओळखणारे ग्राहक प्रथिन मात्र शाबूत आहे. त्यामुळे तो एरवी पांढराच राहतो. बाहेरून सी६-एचएसएल (सहा कार्बनच्या साखळीचे एएचएल) मिळाले की व्हायोलेसिन हे रंगद्रव्य तयार करून जांभळा होतो. रंग येण्यासाठी वेगळे सब्स्ट्रेट (रसायन) लागत नाही, निकाल डोळ्यांनी दिसतो. पहिल्या चाळणीसाठी याहून सोपे काही नाही.

चाचणी साधी आहे. एलबी अगार या घट्ट माध्यमावर तपासायचा जीवाणू आणि सीव्ही०२६ एकमेकांपासून सेंटीमीटरभर अंतरावर समांतर रेघांत ओढा, ३० अंशांवर २४ ते ४८ तास ठेवा. सीव्ही०२६ चा स्टॉक कानामायसिन या प्रतिजैविकावर वाढवा, पण चाचणीच्या प्लेटमध्ये ते घालू नका, नाहीतर समोरचा जीवाणूच वाढणार नाही. तुलनेसाठी एका प्लेटवर शुद्ध सी६-एचएसएल आणि दुसरीवर ई. कोलाय हवाच, ई. कोलाय स्वतः एएचएल बनवत नाही.

अडचण आहे ती ऐकण्याच्या कक्षेची. सीव्ही०२६ ला सी४ ते सी८ एवढ्याच लांबीच्या साखळ्या नीट कळतात, त्यातही सी६ सर्वांत चांगली, आणि ३-ऑक्सो (साखळीत जादा ऑक्सिजन असलेल्या) प्रकारांना प्रतिसाद कमी. स्यूडोमोनास एरुजिनोसा ३-ऑक्सो-सी१२ भरपूर बनवतो, ते याला दिसतच नाही. रंग आलाच तर सी४ मुळे. ग्राम-पॉझिटिव्ह जीवाणू पेप्टाइडने बोलतात, तिथे हा स्ट्रेन लावणे म्हणजे वेळ घालवणे. अशा वेळी पांढरी प्लेट पाहून ‘संदेश नाही’ असे लिहून मोकळे होऊ नका. ॲग्रोबॅक्टेरियमचा एनटीएल४ (पीझेडएलआर४) हा दुसरा बायोसेन्सर जोडीला लावा. त्याला एक्स-गॅल हे रंग देणारे सब्स्ट्रेट लागते, पण त्याची कक्षा बरीच रुंद आहे.

लांब साखळ्यांसाठी उलटी चाचणी आहे. मऊ अगारमध्ये सीव्ही०२६ सोबत सी६-एचएसएल घालून प्लेट आधीच जांभळी होईल अशी बेतायची आणि वर नमुना ठेवायचा. सी१० ते सी१४ असेल तर त्याभोवती पांढरे वर्तुळ उमटते. इथेच सर्वाधिक गफलत होते. प्लेट उजेडासमोर धरा: वर्तुळ दुधाळ असेल तर पेशी वाढल्या आहेत, फक्त रंग थांबला आहे. काचेसारखे स्वच्छ असेल तर नमुन्याने पेशीच मारल्या. तो अँटिबायोटिक परिणाम आहे, संदेशाशी त्याचा संबंध नाही. ‘कोरम सेन्सिंग (म्हणजे जीवाणूंचा हा संवाद) रोखणारा अर्क’ म्हणून मिरवणाऱ्या निकालांत ही तपासणी केली आहे का, हे आधी बघावे. नुसत्या द्रावकाचा नमुनाही त्याच प्लेटवर हवा.

रंग फिका येतो त्याची कारणे बहुधा दोन. एक, वाढ जुनी झाली की एलबीचा पीएच चढतो आणि अल्कधर्मी माध्यमात एएचएलचे लॅक्टोन वलय उघडून संदेश निकामी होतो. माध्यमाचा पीएच एमओपीएस या बफरने ६.८ च्या आसपास बांधून घ्या, आणि अर्क काढताना इथाइल ॲसिटेटमध्ये थोडे ॲसिटिक आम्ल घाला. दुसरे, ऑक्सिजन. व्हायोलेसिन बनायला हवा लागते, म्हणून वरचा थर पातळ ठेवा. द्रव कल्चर हलवतच वाढवा, मग डीएमएसओ या द्रावकात रंग उतरवून ५८५ नॅनोमीटरला मोजता येतो.

साठा ग्लिसरॉलमध्ये उणे ८० वर ठेवा. हाताळताना बीएसएल-२ (जैवसुरक्षा पातळी २) चे नियम पाळा. या प्रजातीचा संसर्ग विरळा असला तरी झाला तर गंभीर असतो.