भविष्यवाणी पूर्ण झाली की व्हायची आहे? अंतकाळाविषयीच्या चार मतांची तुलना

नाशिकच्या शरणपूर परिसरातल्या मंडळीत (चर्चमध्ये) वाढलेला आणि आता सिडको किंवा सातपूरकडच्या एखाद्या प्रार्थनागटात जाऊ लागलेला ख्रिस्ती माणूस बहुधा एका प्रश्नापाशी अडतो. ज्या वचनांवर लहानपणी क्वचितच प्रवचन ऐकले, तीच अंतकाळाविषयीची वचने इथे सात वर्षांच्या महासंकटाच्या, म्हणजे जगाच्या अंतापूर्वीच्या छळकाळाच्या, तक्त्यासह शिकवली जातात. मग खरे काय धरायचे? मंडळीच्या नावावरून उत्तर ठरवण्यापेक्षा मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 24 वा अध्याय, ज्यात येशू मंदिराचा नाश आणि आपले पुनरागमन यांविषयी बोलतो, समोर ठेवावा आणि प्रत्येक मताला कुठे बळ मिळते व कुठे ओढाताण करावी लागते, ते पाहावे.

प्रीटरिस्ट, म्हणजे भविष्यवाणी भूतकाळातच पूर्ण झाली असे मानणाऱ्या, मतानुसार या अध्यायाचा मोठा भाग इ.स. 70 मध्येच पूर्ण झाला, कारण त्या वर्षी टायटसच्या रोमन सैन्याने यरुशलेम जिंकले आणि मंदिर जाळले. हे सर्व होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही, असे येशू 34 व्या वचनात सांगतो. ते बोलणे इ.स. 30 च्या सुमाराचे धरले, तर मंदिर सुमारे चाळीस वर्षांनी, म्हणजे एका पिढीच्या काळात, पडले. बारीक तपशीलही तिथलेच आहेत. यहूदीयात असणाऱ्यांनी डोंगरांकडे पळावे, धाब्यावर असलेल्याने घरातले सामान घ्यायला खाली उतरू नये, पळण्याची वेळ हिवाळ्यात किंवा शब्बाथ दिवशी येऊ नये म्हणून प्रार्थना करावी, हे सांगणे एका विशिष्ट प्रदेशातल्या आणि एका विशिष्ट धर्माचाराच्या लोकांना उद्देशून आहे, हे उघड दिसते. लूक 21:20 मध्ये तर यरुशलेमेला सैन्यांचा वेढा पडेल, असे थेट म्हटले आहे. ख्रिस्ती लोक वेळीच शहर सोडून यार्देनेपलीकडच्या पेल्ला येथे गेले, अशी नोंद चौथ्या शतकातला मंडळीचा इतिहासकार युसेबियस करतो.

या मताची अडचण प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या ग्रंथापाशी सुरू होते. तो ग्रंथही यरुशलेमेच्या नाशाविषयी आहे असे म्हणायचे, तर तो त्या नाशापूर्वी लिहिलेला असला पाहिजे; पण तो दृष्टांत सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस, म्हणजे इ.स. 95 च्या सुमारास दिसला, असे दुसऱ्या शतकातला मंडळीचा लेखक आयरेनियस सांगतो. ‘नीरो कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून त्यांच्या अंकमूल्यांची बेरीज केली की प्रकटीकरणातल्या श्वापदाची संख्या 666 येते, हा पुरावा लक्षवेधी आहे खरा. मात्र नीरोची दहशत डोमिशियनच्या काळीही लोकांच्या स्मरणात होती, त्यामुळे तेवढ्यावरून ग्रंथाचा काळ ठरत नाही.

फ्युचरिस्ट, म्हणजे भविष्यवाणी अजून पूर्ण व्हायची आहे असे मानणारे, मत याच्या उलट टोकाला आहे. पेन्टेकॉस्टल आणि ब्रदरन मंडळ्यांत बहुधा हेच शिकवले जाते. महासंकट, ख्रिस्तविरोधक आणि ख्रिस्ताचे हजार वर्षांचे राज्य हे सर्व अजून यायचे आहे, असे ते मानते. मंडळी महासंकटापूर्वीच वर घेतली जाईल, ही त्याची आज सर्वाधिक परिचित शाखा जॉन नेल्सन डार्बी यांनी 1830 च्या दशकात मांडली आणि 1909 च्या स्कोफील्ड बायबलने, म्हणजे टिपांसह छापलेल्या बायबलने, ती घरोघरी नेली. आकाशात मनुष्याच्या पुत्राला सर्व जातींचे लोक पाहतील, हे वचन इ.स. 70 मध्ये पूर्ण झाले असे म्हणताना प्रीटरिस्टांची जी धांदल उडते, ती इथे उडत नाही. परंतु दानीएलाच्या ग्रंथातल्या भविष्यवाणीच्या सत्तर सप्तकांपैकी (एक सप्तक म्हणजे सात वर्षे) एकोणसत्तर आणि सत्तराव्यामध्ये जवळपास दोन हजार वर्षांचे अंतर मानावे लागते आणि ‘ही पिढी’ म्हणजे ती चिन्हे पाहणारी भावी पिढी, असे धरावे लागते. इस्राएल राष्ट्र 1948 मध्ये स्थापन झाले, त्यात पिढीची चाळीस वर्षे मिळवून ख्रिस्ताच्या येण्यासाठी 1988 कडे डोळे लावून बसलेल्यांचे काय झाले, हे तक्ता शिकवणाऱ्याने सांगायला हवे. सिंहस्थ पंचांगावरून काढता येतो, तसे हे काढता येत नाही.

हिस्टॉरिसिस्ट मत प्रकटीकरणात मंडळीचा सलग इतिहास वाचते आणि एक दिवस म्हणजे एक वर्ष धरून त्या ग्रंथातल्या 1260 दिवसांची 1260 वर्षे करते. प्रोटेस्टंट धर्मसुधारकांत ते रूढ होते. आज ते मुख्यतः सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्टांकडे आढळते. त्यांची चळवळ विल्यम मिलर यांच्या अनुयायांमधून, ख्रिस्त 22 ऑक्टोबर 1844 रोजी येईल या अपेक्षेचा भंग झाल्यानंतर उभी राहिली. मला हे मत सर्वांत कमकुवत वाटते. त्याच्या नकाशात पोप, तुर्क आणि फ्रेंच राज्यक्रांती आहेत, पण केरळच्या प्राचीन मंडळीला किंवा एकूणच आशियाला फारशी जागा नाही. नाशिकच्या वाचकाला हे खटकायला हवे.

आयडियलिस्ट मत प्रकटीकरणाच्या चित्रांत कोणत्याही एका काळाची घटना न पाहता सर्व काळांतील सत्य आणि असत्य यांचा संघर्ष पाहते. उपदेशासाठी ते सोयीचे आहे. ‘केव्हा’ या प्रश्नाला मात्र ते बगल देते.

निवड करणाऱ्याने मत्तय 24 चा पूर्वार्ध प्रीटरिस्टांप्रमाणे, तर ख्रिस्ताचे दृश्य पुनरागमन, मृतांचे पुनरुत्थान आणि न्याय हे भविष्यातले म्हणून वाचावे, असे मला वाटते. याला अंशतः प्रीटरिस्ट भूमिका म्हणतात. पूर्ण प्रीटरिस्ट मात्र पुनरागमन आणि पुनरुत्थानही इ.स. 70 मध्येच झाले, असे म्हणतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या उपासनेत काय किंवा नाशिक रोडच्या बाळ येशू मंदिरातल्या मिस्सेत काय, निकेय मतांगीकार (विश्वासाचे जुने जाहीर कबुलीवचन) म्हणताना ख्रिस्त जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करण्यास पुन्हा येईल, असे भाविक कबूल करतात. पूर्ण प्रीटरिस्ट मत पत्करणाऱ्याला ते वाक्य प्रामाणिकपणे उच्चारता येणार नाही. बाकीच्या तिन्ही मतांच्या अनुयायांना ते उच्चारता येते.