फ्लेक्सिफोर्स ए२०१ : थंडीत बसवला, मे संपत आला

हवेवर चालणाऱ्या ग्रिपरची (वस्तू पकडणाऱ्या यांत्रिक हाताची) बोटं वस्तूला किती जोराने आवळतात, ते मोजायचं होतं. बोट आणि वस्तूच्या मध्ये चार-पाच मिलिमीटर जागा. तिथे आम्हाला हवा तसा लोडसेल (वजनकाट्यात असतो तो भार मोजणारा धातूचा सेन्सर) मावेना, म्हणून टेकस्कॅन कंपनीचा फ्लेक्सिफोर्स ए२०१ हा पातळ दाब-सेन्सर घेतला, १११ न्यूटनपर्यंत मोजणारा. जाडी ०.२०३ मिमी, व्हिजिटिंग कार्डाहूनही पातळ. टोकाला ९.५३ मिमी व्यासाचं गोल आहे, दाब कळतो तो फक्त तिथे. मागची लांब पट्टी नुसती वायरिंगसाठी.

माझं मत आधीच सांगतो. कालच्या आणि आजच्या पकडीची तुलना करायची असेल तर जरूर घ्या. वजनकाटा बनवायचा असेल तर लोडसेलच घ्या. डेटाशीट काही लपवत नाही : रेषीयता (आलेख सरळ रेषेपासून किती ढळतो) ±३ टक्क्यांच्या आत, पुनरावृत्ती (तोच भार पुन्हा ठेवल्यावर पडणारा फरक) ±२.५ टक्क्यांच्या आत, हिस्टेरिसिस (भार चढवताना आणि उतरवतानाच्या आकड्यांतला फरक) ४.५ टक्क्यांच्या आत. आता या मर्यादेत तरी खरं रीडिंग मिळतं का, हे मात्र सगळं तुमच्या कॅलिब्रेशनवर, म्हणजे माहीत असलेली वजनं ठेवून आकडे जुळवण्यावर.

बरेच जण एक रेझिस्टर लावून व्होल्टेज डिव्हायडर (व्होल्टेज वाटून घेणारी साधी जोडणी) करतात आणि थेट आर्डुइनोला, म्हणजे छोट्या कंट्रोलर बोर्डला, जोडतात. दाबलंय की नाही एवढंच बघायचं तर ठीक. पण मोकळ्या सेन्सरचा रेझिस्टन्स ५ मेगाओमच्या वर असतो आणि दाब वाढला की तो वाकड्या रेषेत झपकन खाली येतो. सरळ रेषेत वाढतो तो कंडक्टन्स, म्हणजे रेझिस्टन्सचा व्यस्त. ऑप-अँपचं (सिग्नल वाढवणाऱ्या चिपचं) इन्व्हर्टिंग सर्किट केलं की आउटपुट कंडक्टन्सच्या प्रमाणात मिळतं आणि आलेख पट्टीने काढल्यासारखा येतो. त्यातला फीडबॅक रेझिस्टर (आउटपुटकडून इनपुटकडे जोडलेला) बदलून रेंजही कमी-जास्त करता येते. खर्च किरकोळ आहे, यात कंजुषी नको.

खरा वेळ जातो तो दाब नेमका कुठून पडतो हे सांभाळण्यात. ग्रिपरचं रबर त्या गोलापेक्षा मोठं, त्यामुळे थोडा भार कडेवरून निसटतो आणि रीडिंग दर पकडीला वेगळं. आम्ही ८ मिमी व्यासाची डेलरिनची (कडक प्लास्टिकची) चकती पातळ दुहेरी टेपने गोलाच्या बरोबर मध्यावर चिकटवली. गोलाच्या क्षेत्रफळाच्या साधारण ७० टक्के भरते. आता सगळा भार चकतीतूनच जातो. हीच चकती, हीच टेप, मागे हाच धातू ठेवून कॅलिब्रेशन करायचं. टेबलावर काचेवर ठेवून काढलेला आकडा ग्रिपरवर चालत नाही.

आमची पकड ६० न्यूटनपर्यंत जाते. त्यामुळे आधी सेन्सरला 'कसरत' : ११० टक्के, म्हणजे ६६ न्यूटन, साधारण पावणेसात किलो, ठेवायचं, काढायचं, असं चार-पाच वेळा. नव्या सेन्सरला हे केलं नाही तर पहिली काही रीडिंग भलतीकडेच जातात. मग शिक्का मारलेली वजनं एकेक किलोने चढवायची. उभा दांडा, वर थाळी, खाली चकती, आणि दांडा सरळ राहावा म्हणून लिनिअर बेअरिंग (दांडा फक्त वर-खाली सरकू देणारं). दांड्याचं आणि थाळीचं वजन हिशेबात धरायला विसरू नका. वजनं उतरवतानाची रीडिंग आम्ही घेतच नाही, कारण ग्रिपर प्रत्येक वेळी शून्यापासूनच आवळतो.

सगळ्यात जास्त छळते ती वेळ. वजन तसंच ठेवलं तरी आकडा हळूहळू वर सरकत राहतो. डेटाशीट म्हणते, काळाच्या लॉगरिदमिक मापावर ५ टक्क्यांच्या आत. पहिल्या सेकंदापासून दहाव्यापर्यंत जेवढा सरकतो, जवळपास तेवढाच पुन्हा दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत. आमचा ग्रिपर वस्तू तीन सेकंद धरतो, म्हणून प्रत्येक वजन ठेवल्यावर तिसऱ्या सेकंदाचंच रीडिंग नोंदवतो. आकडा स्थिर होईल म्हणून चहा पिऊन येणाऱ्याचं कॅलिब्रेशन ग्रिपरच्या काही कामाचं नाही.

तापमानाचंही तसंच. प्रत्येक अंशाला ०.३६ टक्के फरक पडू शकतो. थंडीतली १२ अंशांची सकाळ आणि पत्र्याच्या शेडमधली ४० अंशांची दुपार, २८ अंशांत १० टक्के गेले! म्हणून शेजारी एक थर्मिस्टर (तापमान मोजणारा) लावलाय आणि ऋतू बदलला की वजनं ठेवून पुन्हा कॅलिब्रेशन करतो.

टिकाऊपणाचं म्हणाल तर सरळ दाब हा सेन्सर निमूट सोसतो, घासणं सोसत नाही. वस्तू बोटातून घसरली की आतले थर एकमेकांवर सरकतात. चकतीवर पातळ स्टीलची पट्टी एका बाजूने स्क्रू करून टाकल्यापासून घसरण पट्टीवर जाते, सेन्सरवर फक्त दाब येतो. पट्टीचा थोडा दाब कायम असतो, तो शून्य धरून वजा करायचा. पिनांना सोल्डरिंग आयर्न लावू नका, प्लास्टिक वितळतं, कनेक्टर वापरा. तीन पिनांतली मधली रिकामी असते.

स्वस्तातले बिननावाचे सेन्सरही ऑनलाइन मागवून पाहिले. एकाच पाकिटातल्या दोघांचे आकडे एकमेकांच्या जवळपासही नव्हते. नुसता स्पर्श ओळखायचा असेल तर इंटरलिंक कंपनीचा एफएसआर ४०२ हा साधा दाब-सेन्सर पुरे. न्यूटनमध्ये आकडा हवा असेल तर ए२०१ घ्या, आणि दोन जास्तीचे मागवा. बदललेल्या प्रत्येक सेन्सरचं कॅलिब्रेशन पहिल्यापासून करावं लागतं, जुन्याचा आलेख नव्याला लागू होत नाही.