कॉर्नेल १९७७ की व्हेनेटा १९७२: आधी कुठली मैफल?

ग्रेटफुल डेड या कॅलिफोर्नियाच्या बँडने १९६५ ते १९९५ या काळात २३००हून जास्त कार्यक्रम केले. गाण्यांचा क्रम दर वेळी वेगळा, आणि श्रोत्यांच्या टेप करण्याला फारशी आडकाठी नाही. त्यामुळे यांचे चाहते अल्बमवर भांडत नाहीत, तारखांवर भांडतात. नवख्याला हमखास सुचवल्या जाणाऱ्या दोन तारखा मी आलटून पालटून ऐकल्यात.

८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल. मे महिन्यात बाहेर बर्फ आणि आत बँड घट्ट बांधलेला. 'स्कार्लेट बेगोनियाज'मधून 'फायर ऑन द माउंटन' नेमकं कुठे सुरू झालं, त्यावर बोट ठेवता येत नाही. 'मॉर्निंग ड्यू'च्या शेवटी गार्सियाची गिटार सतारीवरच्या 'झाला'सारखी चढत जाते. तिथे मी हातातलं काम थांबवतो. पण या मैफलीला जे पैकीच्या पैकी गुण मिळतात, त्यातले काही बँडची ध्वनिमुद्रक बेटी कँटर हिच्या टेपचे आहेत. इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग हाती लागलं की ती रात्र आपोआप थोर होते. दुसऱ्याच दिवशीचा बफेलोचा कार्यक्रम सरस होता म्हणणारेही पुष्कळ आहेत.

२७ ऑगस्ट १९७२, व्हेनेटा, ओरेगन. एका अडचणीतल्या डेअरीच्या मदतीसाठी उघड्या मैदानावर भर उन्हात झालेला कार्यक्रम. तिकिटं छापली ती दह्याच्या लेबलांवर! उष्म्याने वाद्यं उतरत होती, ते टेपवर कळतं. गुण कापणारे इथेच कापतात. मी नाही कापत. कारण अर्ध्या तासाचा 'डार्क स्टार'. इथे ड्रमर एकच, क्रॉइट्झमन, त्यामुळे मोकळी जागा भरपूर. सूर विस्कटत जातात, आणि त्या धुरळ्यातून अचानक 'एल पासो' हे काउबॉयचं गाणं घोड्यावर बसून येतं.

गाण्याला मुखडा हवा, ठेका हवा, असं असेल तर कॉर्नेल घ्या. विलंबित ख्याल चुळबुळ न करता ऐकत असाल तर सरळ व्हेनेटा. माझं मत व्हेनेटाला, अर्ध्या गुणाने. दोन्ही अधिकृतपणे निघाल्यात: व्हेनेटा २०१३ साली, कॉर्नेल २०१७ साली. व्हेनेटाचं चित्रीकरणही आहे, मात्र ते घरच्यांसमोर लावू नका. स्टेजमागच्या खांबावर एक रसिक पूर्ण दिगंबर अवस्थेत डोलत असतो, आणि कॅमेरा त्याच्याकडे पुन्हा पुन्हा वळतो.