घरी ड्राफ्ट बिअर: संच चांगला, पण नळीत कंजुषी

घरगुती ड्राफ्ट बिअरचा, म्हणजे पिंपातून थेट तोटीने ग्लासात घ्यायच्या बिअरचा, हा संच घेऊन आता बरेच महिने झालेत. नव्याची नवलाई ओसरली, तेव्हा लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव घेत नाही, कारण थोड्याफार फरकाने असे संच सगळेच विकतात. खोक्यात १९ लिटरचा स्टीलचा केग (बिअरचं पिंप), कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर, रेग्युलेटर, नळ्या आणि फ्रिजच्या दारातून बाहेर काढायची तोटी येते. फ्रिज आपला आपण बघायचा.

आधी कौतुकाचं. माझी सगळी नोकरी प्रयोगशाळेत गॅस सिलिंडरांच्या शेजारीच गेली, त्यामुळे रेग्युलेटर मी जरा संशयानेच हातात घेतला. तो दणकट निघाला. स्क्रू फिरवला की काटा सरकतो आणि सोडाल तिथे राहतो, रात्रीतून वर चढत नाही. केगचं झाकणही नीट बसतं. सिलिंडरकडचा दुसरा काटा बघून मात्र हुरळू नका. आत वायू द्रवरूपात असतो, त्यामुळे शेवटचा थेंब संपेपर्यंत दाब जवळपास तेवढाच दिसतो आणि मग एकदम खाली येतो. किती उरलंय ते वजनकाट्यावरच कळतं. सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या मधला वॉशर त्यांनी एकच दिलाय, दोन दिले असते तर काय बिघडलं असतं? प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बघाच. बारीकसा बुडबुडा एकाच जागी फुगत राहिला की समजायचं, सिलिंडर आठवडाभरात रिकामा होणार. बंद खोलीत गळती झाली तर ते जिवावरही बेतू शकतं, म्हणून फ्रिज हवेशीर जागी हवा.

आता खरी तक्रार. बिअरची नळी जेमतेम दीड मीटरची दिली आहे. पहिला ग्लास भरला तर पाऊण ग्लास फेस! पुस्तिका म्हणते, दाब कमी करा. हा सल्ला साफ चुकीचा आहे. बिअर ३-४ अंशांवर असेल आणि दाब १२ पीएसआयच्या (टायरमधली हवा मोजतात तेच एकक) आसपास, तर तिच्या आकारमानाच्या साधारण अडीच पट वायू तिच्यात विरघळून राहतो. लागर आणि एल या बिअरच्या दोन मुख्य जाती, त्यातल्या बहुतेकींना तेवढाच लागतो. दाब उतरवलात की वायू बिअर सोडून बाहेर पडू लागतो, नळीत बुडबुडे धरतात, फेस तर होतोच आणि चार-सहा दिवसांत केगमधली बिअरही मिळमिळीत होते. म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं. खरा उपाय उलटा आहे. दाब आहे तसाच ठेवायचा आणि नळी लांब करायची. ३/१६ इंच आतला व्यास असलेली तीन मीटर नळी घेतली की आतल्या घर्षणानेच दाब जिरतो आणि बिअर तोटीतून संथ उतरते. नळीचं वेटोळं केगच्या डोक्यावर ठेवलंय. आता वर दोन बोटं फेस येतो, तेवढा हवाच. तीन मीटर नळी खोक्यातच टाकायला कंपनीचं असं काय जाणार होतं, कोण जाणे.

तापमान फ्रिजच्या आकड्यावरून ठरवू नका. आत पाण्याचा ग्लास ठेवून त्यात थर्मामीटर बुडवा, हवेचा आकडा फसवतो. आणि भोक पाडाल ते दारातच. बऱ्याच फ्रिजच्या बाजूच्या पत्र्यामागे गॅसच्या नळ्या असतात. ड्रिल तिथे घुसलं की फ्रिज गेलाच म्हणून समजा.

तोटी जुन्या पद्धतीची आहे, म्हणजे झडप मागच्या बाजूला. ग्लास भरल्यावर पुढच्या भागात उरलेली बिअर वाळते, चिकट होते आणि दुसऱ्या दिवशी दांडा हलतच नाही. ओढाताण केली की हातभर उडते. पुढे झडप असलेली स्टीलची तोटी वेगळी घेऊन बसवली, त्रास मिटला.

साफसफाईचं विक्रेता बोलत नाही, म्हणून मी बोलते. दर दोन आठवड्यांनी नळीतून अल्कलीचं क्लीनर फिरवायचं आणि मग भरपूर पाणी. दोन-तीन महिन्यांनी आम्लाचं, कारण आत कॅल्शियम ऑक्झलेटचा खवलेदार थर धरतो आणि तो अल्कलीने निघत नाही. हे काम आमच्या घरी मीच करते, ह्यांचा हात फक्त ग्लासला लागतो.

कधीमधी एखादा ग्लास घेणाऱ्यांनी हा खटाटोप करू नये. केगमधली बिअर वायूच्या दाबाखाली बरेच आठवडे टिकते, पण नळीत साचलेली ५० एक मिली शिळी होते आणि आधी ती ओतून द्यावी लागते. घरात रोज कोणी ना कोणी घेणारं असेल, तर संच जरूर घ्या. फक्त मागवतानाच लांब नळी, चांगली तोटी आणि मूठभर वॉशर सोबत मागवा.