स्टँडर्ड हेराल्ड: घरी बांधलेलं इंजिन, एक अख्खा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं ते गेल्या दिवाळीच्या आधी. त्यानंतर हिवाळा गेला, सगळा उन्हाळा गेला, आता पेरण्या आटोपल्या म्हणून लिहायला बसलो. आपल्याकडचा मे महिना काढल्याशिवाय जुन्या गाडीबद्दल चांगलं-वाईट काहीच बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गाव दर्यापूर तालुक्यात, गाडी दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड, इंजिन ९४८ सीसी. सगळं काम घरच्या टिनाच्या शेडमधे झालं, फक्त बोअरिंग (सिलिंडर आतून मोठे करून सरळ करणं) आणि क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा, त्याचं ग्राइंडिंग तेवढं अमरावतीहून करून आणलं.

हेराल्डले स्पोर्ट्स कार म्हणता येते का, हे मला सगळेच विचारतात. नावाने नाही, पण १९६२ मधे आलेली ट्रायम्फ स्पिटफायर, जिला सगळं जग स्पोर्ट्स कार म्हणते, ती याच हेराल्डच्या चेसिसवरून (खालच्या सांगाड्यावरून) काढलेली आहे आणि तिचं इंजिन पण याच घराण्यातलं, फक्त बोअर (सिलिंडरची रुंदी) मोठा आणि कार्बोरेटर दोन. तेच रॅक अँड पिनियन स्टिअरिंग, मागे तोच आडवा कमानपाटा. गाडी वळते किती, तर २५ फुटात पूर्ण गोल, आमच्या अंगणात एका दमात फिरते. डिझाइन इटलीच्या मिकेलोटीचं, इंग्लंडात १९५९ ला ट्रायम्फ हेराल्ड नावाने आली आणि १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने इथे बनवली.

खेड्यात ही गाडी दुरुस्त होऊ शकते त्याचं कारण तिच्या बांधणीतच आहे. त्या काळात सगळे एकसंध बॉडीकडे चालले होते, पण तशी बॉडी बनवून देणारा कारखाना ट्रायम्फला मिळेना, म्हणून त्यांनी वेगळी चेसिस ठेवली आणि वर तुकड्या-तुकड्यांची बॉडी नट-बोल्टने कसली. छत सुद्धा बोल्ट खोलून निघते. बोनेट मडगार्डसकट पुढे उलटते, मग तुम्ही पुढच्या टायरवर बसून आरामात इंजिनवर काम करा, वाकायचं काम नाही. आतापर्यंत मी जेवढ्या गाड्यांत हात घातला त्यात कामाला एवढी सोपी गाडी मी पाह्यली नाही.

आता इंजिन. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, पूर्णा खोऱ्यातलं बोअरचं पाणी खारट, आणि ही गाडी वर्षानुवर्षं तेच पाणी पीत आली होती. हेड काढलं तर ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटा क्षाराने आणि गंजाने अर्ध्या बुजलेल्या, मागच्या चार नंबरच्या सिलिंडरपाशी तर खरवडून खरवडून वाट्याभर खपली निघाली. गाडी तापते म्हणून आधीच्या मालकाने ठेवून दिली होती, त्याचं खरं कारण हे होतं. लोक पंखा बदलतात, वॉटर पंप बदलतात, पण ब्लॉकच्या बाजूचे वेल्श प्लग, म्हणजे पाण्याच्या वाटांच्या तोंडाला ठोकलेल्या पत्र्याच्या टिकल्या, काढून आत पाहतच नाहीत. इकडच्या कोणत्याही जुन्या गाडीचं इंजिन उघडलं तर सगळ्यात आधी हे करा, पिस्टन नंतर.

या इंजिनचा मूळ बोअर ६३ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७६, म्हणजे लांब हाताचं इंजिन, खालून चांगलं ओढते. बोअर गेजने मोजलं तर वरच्या बाजूला झीज जास्त, म्हणून ओव्हरसाइज पिस्टन टाकले. ते चेन्नईच्या पुदुपेटच्या बाजारातून मागवले, स्टँडर्डचा कारखानाच त्या बाजूला होता म्हणून माल अजून तिकडे निघतो. क्रँकला फक्त तीन मेन बेअरिंग, त्यामुळे मापात ढिलाई चालत नाही. आमच्या गावचे मिस्त्री काका, आयुष्यभर ट्रॅक्टर अन् डिझेल पंप खोलले, ते शेडमधे येऊन बसत आणि एकच गोष्ट बजावत, "तेलाच्या रस्त्यात कचरा रायला नाही पाहिजे बाप्पा, बाकी मंग आपोआप होते." त्यांच्या सांगण्यावरून तेलाच्या वाटांचे सगळे प्लग काढले, रॉकेल आणि तार घालून धुतलं, हवा मारली. हे काम कंटाळवाणं आहे पण आज ऑइल प्रेशरचा काटा पाहताना मला त्याचंच समाधान वाटते.

एक गोष्ट मात्र सविस्तर सांगतो, काहून की ट्रायम्फच्या या इंजिनात ती नाही पाह्यली तर ब्लॉकच जाते. मागच्या मेन बेअरिंगपाशी क्रँकला मागेपुढे सरकू न देणारे अर्धगोल थ्रस्ट वॉशर असतात, क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलला जातो आणि तो सगळा जोर एका वॉशरवर येतो. झिजून पातळ झाला की वॉशर निसटून खाली तेलाच्या चेंबरमधे पडतो, आणि मग क्रँक सरळ ब्लॉकला घासतो. क्रँकची मागेपुढे हालचाल ०.००४ ते ०.००८ इंच पाहिजे, डायल गेजने मोजा, आणि वॉशर बसवताना खाचांची बाजू क्रँककडे. गाडी विकत घेताना सुद्धा एकाला क्लच दाबायला लावा आणि आपण समोरून क्रँकची पुली पाहा, डोळ्यांना हलताना दिसली तर भाव पाडा नाहीतर सोडून द्या.

वाल्व सीट, म्हणजे वाल्व बंद होताना जिथे टेकतात त्या कड्या, त्या पण नव्या टाकल्या, कडक धातूच्या. शिसंवालं पेट्रोल देशात २००० सालीच बंद झालं, आणि या जुन्या बीडाच्या हेडमधल्या एक्झॉस्टच्या सीटला शिशाचाच आधार होता. टॅपेटची (वाल्वच्या वरची) फट थंड इंजिनवर दहा थाउ, म्हणजे ०.०१० इंच.

वापराबद्दल. थंडीत काहीच तक्रार नाही. थर्मोस्टॅट काढून फेक असं मला चार जणांनी सांगितलं, मी ठेवला, आणि सकाळी दर्यापूर गाठेपर्यंत इंजिन नीट तापलेलं असते. रेडिएटरचं कोअर नवं पितळी, आत कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, बोअरच्या पाण्याचा एक थेंब नाही. खरी परीक्षा मे मधे झाली, अकोला-अमरावतीकडे पारा ४५ च्या वर गेला तेव्हा दुपारी मूर्तिजापूरच्या फाटकावर गाडी चालू ठेवून उभी केली, काटा वर चढला पण लालच्या अलीकडे थांबला. २०-५० ग्रेडच्या तेलावर गरम इंजिनचं ऑइल प्रेशर चालत्या गाडीत ४५ पीएसआय, आयडलला त्याच्या निम्म्यावर येते. मी समाधानी आहे.

तापण्यापेक्षा पेट्रोलनेच जास्त छळलं. उन्हाळ्यात गाडी बंद करून चहा प्यायलो की दहा मिनिटांनी सुरूच होत नव्हती, कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून जायचं. कार्बोरेटरखाली जाड फायबरची पॅकिंग टाकली, पेट्रोलचा पाइप मॅनिफोल्डपासून लांब नेला, तेव्हा कुठे थांबलं. आणि आता पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉलवालं, त्याने जुने रबर फुगते, कडक होते, तडकते. गाडीच्या फ्युएल पंपाचा डायफ्रॅम आणि सगळे होज विटन रबरचे टाकले, मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं छिद्र) एक नंबर मोठा केला, काहून की इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडते. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी उभी करू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढते आणि टाकी आतून गंजते.

चिखलदऱ्याचा घाट चढली, परतवाड्यापासून वरपर्यंत, बहुतेक सगळा दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, आणि वर धुक्यात बोनेट उलटून उभी केली तेव्हा लोक गोळा झाले. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो लिहून सांगता येत नाही. पण उतरताना सांभाळा. मागे स्विंग अॅक्सल आहे, म्हणजे चाक वर-खाली झालं की अॅक्सलसकट तिरपं होते, ओल्या वळणावर वेगात असताना एकदम अॅक्सिलरेटर सोडला तर मागचं चाक आत दुमडते. वेग वळणाच्या आधीच कमी करायचा, वळणात हलका पाय ठेवायचा. माझ्या गाडीले चारही ड्रम ब्रेक, लांब उतारावर ते तापतात, म्हणून गिअरमधेच उतरवा. आणि पुढच्या ट्रनियनमधे, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळते त्या खालच्या सांध्यात, ग्रीस नाही, ९० नंबरचं गिअर ऑइल भरा, ग्रीस तिथे आतपर्यंत जात नाही आणि ट्रनियन तुटला तर पुढचं चाक आडवं पडते.

कागदांचं म्हणाल तर ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून विंटेज नोंदणी आहे, फी २० हजार, पण ती गाडी रोज चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली असल्या कामालाच. मला बाजाराला न्यायची आहे म्हणून मी साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी रिन्यू करतो.

पेंट अजून जुनाच आहे. पेंटच्या कोटेशनच्या निम्म्यात मशीनिंग, पिस्टन, बेअरिंग आणि रेडिएटर झालं, आणि परत करायचं झालं तरी मी याच क्रमाने करीन. आता गिअरबॉक्स उघडायचा आहे, पहिल्या गिअरला तर सिंक्रो (गिअर न खडखडता पडावा म्हणून असलेली रिंग) मुळातच नाही, पण दुसरा पण आता गरम झाल्यावर कुरकुरते. दुसऱ्याची सिंक्रो रिंग पुदुपेटला सध्या नाही म्हणाले, कोणाकडे पडून असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जातो.