शेन झोऊवर कोणाची छाप अधिक : नी झानची की हुआंग गोंगवांगची?

चीनमधील सूझोऊचा चित्रकार शेन झोऊ (१४२७–१५०९) याने आयुष्यभर सरकारी नोकरी पत्करली नाही. त्याच्या निसर्गचित्रांमागे युआन काळातील (चीनमधील मंगोल राजवटीतील) दोन विद्वान चित्रकार, नी झान आणि हुआंग गोंगवांग, ठळकपणे उभे दिसतात.

नी झानचे चित्र म्हणजे चार-दोन विरळ झाडे, एखादी रिकामी झोपडी, मधे पसरलेले पाणी आणि पलीकडे बुटके डोंगर. हे सारे कोरड्या कुंचल्याने, शाई जपून वापरत काढलेले. शेन झोऊ त्याची नक्कल करू लागला की त्याचे गुरू झाओ तोंगलू ‘पुन्हा जास्त झाले!’ असे ओरडत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, निदान मात्र अचूक आहे, कारण शेन झोऊचा हात मुळातच भरदार होता.

हुआंग गोंगवांगच्या लांब, सैल, एकावर एक येणाऱ्या रेषा त्या हाताला अधिक मानवल्या. त्याचे १३५० चे फूचुन डोंगरांचे गुंडाळीचित्र काही काळ शेन झोऊच्याच संग्रही होते. त्यावर अभिप्राय लिहून घेण्यासाठी ते दुसऱ्याकडे दिले असता हातचे गेले, तेव्हा १४८७ मध्ये त्याने ते संपूर्ण चित्र स्मरणातून पुन्हा रंगवले. इतके मुरलेले ऋण नी झानच्या बाबतीत दिसत नाही, म्हणून माझा कौल हुआंगच्या बाजूने आहे. अर्थात, १४६७ मध्ये गुरू चेन क्वान यांच्या सत्तरीनिमित्त काढलेल्या लू पर्वताच्या उंच, गच्च चित्रात या दोघांपेक्षा युआन काळातलाच तिसरा चित्रकार वांग मेंग अधिक दिसतो.