८८ व्होल्ट सांगून २१ व्होल्टचा लीफ ब्लोअर गळ्यात मारला

पानगळ तोंडावर आली आहे आणि आपली बरीच मंडळी इकडे अमेरिकेत राहतात, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

मेरीलँडच्या मॉन्टगोमेरी काउंटीत पेट्रोलच्या लीफ ब्लोअरची (हवेच्या झोताने पानं ढकलणाऱ्या यंत्राची) विक्री १ जुलै २०२४ पासून बंद झाली आणि १ जुलै २०२५ पासून वापरही. माझा पेट्रोलचा टू-स्ट्रोक ब्लोअर उत्तम चालत होता. तो काउंटीबाहेरच्या एका ओळखीच्या माणसाला ४० डॉलरला देऊन टाकला. फोनवर जाहिराती सुरू झाल्याच होत्या: बंदीनिमित्त सवलत, ‘८८ व्हीएफ’, सहा अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या, चार्जर. १८९ डॉलर आणि वर १४.९५ शिपिंग, एकूण २०३.९५. दुकानात चांगल्या कंपनीचा सेट याच्या दुप्पट होता.

खोकं आलं तेव्हा चार्जर माझ्या हातात होता. त्यावर बारीक अक्षरात आउटपुट २१ व्होल्ट छापलेलं होतं. तिथेच सगळं उघड होतं! लिथियमचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, म्हणजे आत ओळीने पाच सेल, बस्स. २१ व्होल्टचा चार्जर ८८ व्होल्टची बॅटरी कशी भरेल? मी ते वाचलं आणि प्लग लावला. पण नावाजलेल्या कंपन्याही १८ व्होल्टच्या बॅटरीवर ‘२० मॅक्स’ लिहितात, त्यामुळे आकडा थोडा फुगवलेला असणार हे मी धरूनच चाललो होतो. अठराचे अठ्ठ्याऐंशी करतील हे कुणाच्या मनात येईल? ‘व्हीएफ’ हे कसलंही एकक नाही. व्होल्टच्या पुढे आणखी एक अक्षर दिसलं की ते पान तिथेच बंद करा.

ओकची ओली पानं जागची हलली नाहीत. बॅटरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर ३४० ग्रॅम. खरोखर ८८ व्होल्ट आणि सहा अँपिअर-अवर असती, तर नुसत्या सेलचंच वजन दोन किलोच्या वर गेलं असतं.

विक्रेता म्हणाला, वस्तू ठेवा, १५ टक्के परत देतो, नाहीतर स्वखर्चाने चीनला पाठवा. पोस्टाचा खर्च ९६ डॉलर! ते १५ टक्के अजिबात घेऊ नका, घेतले की तडजोड मान्य केल्यासारखं होतं. मी नाही घेतले, पैसे परत मिळावेत म्हणून बँकेकडे वाद नोंदवला, तरी बँकेने तो फेटाळला. कारण काय, तर वस्तू पोचली आहे आणि परतीची सोय दिलेली होती. मी चार्जरचा फोटो दिला, वजनाचा फोटो दिला, जाहिरातीचा स्क्रीनशॉट दिला. फोनवर दर वेळी नवा माणूस, आणि दर वेळी पहिल्यापासून कहाणी. एकानेही तो फोटो उघडून पाहिला नव्हता. सरकारी पोर्टलवर तक्रार केली तर उत्तर आलं की आम्ही वैयक्तिक प्रकरणं सोडवत नाही. मग तक्रार घेता कशाला? बंदी घालताना तारखा बरोबर पाळल्या जातात. त्या बंदीच्या नावावर लोकांना लुटणाऱ्या जाहिराती थांबवणं मात्र कुणाचंच काम नाही, आणि जिथे ती जाहिरात दिसली त्या कंपनीने तर ‘नियमभंग आढळला नाही’ असं कळवलं.

बॅटरीवरचे ब्लोअर वाईट नाहीत. शेजाऱ्यांचा ५६ व्होल्टचा आहे, ओली पानंही ढकलतो. दुकानात जाऊन बॅटरी हातात घ्या, वजन बघा. पैसे क्रेडिट कार्डानेच द्या. आणि वस्तू दाव्याप्रमाणे नाही हे पहिल्याच पत्रात लेखी कळवा, नुसतं ‘आवडली नाही’ म्हणू नका.

ती जाहिरात अजून चालू आहे. दुकानाचं नाव बदललंय, फोटो तोच आहे, आणि आता लेबलवर ‘३८८ व्हीएफ’ लिहिलंय. दिसली तर रिपोर्ट करा.